‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये कॉर्प चालवणे आणि विश्वास सांभाळणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘ईव्ह ऑनलाइन’ या अवकाश-खेळात मराठी बोलणाऱ्या खेळाडूंची कॉर्प, म्हणजे ‘कॉर्पोरेशन’ नावाचा खेळाडूंचा गट, चालवणारे किंवा चालवू पाहणारे, आणि त्यातही अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीवरून खेळणारे, जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. कोणत्या जहाजावर कोणते फिटिंग, म्हणजे शस्त्रे व उपकरणे, चढवावे किंवा कोणत्या खनिजाला आज भाव आहे, हे येथे सापडणार नाही. माणसे कशी जोडावीत, कोणाच्या हाती किती द्यावे आणि दिलेले बुडाले तर काय करावे, एवढ्यापुरतेच हे पान आहे.

या खेळात विश्वासाची एवढी चर्चा का होते? इतर खेळांतही गट असतातच की.

असतात, परंतु इतर बहुतेक खेळांत गटाची तिजोरी कोणी लुटली तर कंपनीकडे तक्रार करता येते आणि पुष्कळदा माल परतही मिळतो. ईव्ह ऑनलाइनमध्ये तसे होत नाही. आइसलँडची राजधानी रेक्याविक येथील सीसीपी गेम्स या कंपनीने ६ मे २००३ रोजी हा खेळ सुरू केला, आणि खेळाच्या आतील चोरी, फसवणूक, हेरगिरी व फितुरी यांना खेळाचाच भाग मानण्याचे धोरण ठेवले. कॉर्पच्या हँगरमधून, म्हणजे जहाजे व माल ठेवण्याच्या कोठारातून, अधिकार असलेल्या सदस्याने सर्व जहाजे उचलून नेली, तर नियमांच्या दृष्टीने त्याने काहीही गैर केलेले नसते. अधिकार कॉर्पनेच त्याला दिलेला असतो.

दुसरे कारण असे की चीनसाठीचा स्वतंत्र सर्व्हर वगळता जगभरचे खेळाडू एकाच सर्व्हरवर, एकाच ‘न्यू ईडन’मध्ये वावरतात. येथे मिळवलेले नाव, चांगले असो वा वाईट, वर्षानुवर्षे मागे राहते आणि प्रत्येक पात्राने आजवर कोणकोणत्या कॉर्पमध्ये काम केले त्याची यादी कोणालाही पाहता येते.

नियमांनी निषिद्ध असलेल्या गोष्टीही आहेत आणि त्या नेत्याला तोंडपाठ असायला हव्यात : खेळातील चलन म्हणजे इस्क किंवा वस्तू खऱ्या पैशांना विकणे, दुसऱ्याचे खाते फोडणे, एकच खाते अनेकांनी वापरणे, आणि खेळाबाहेर, प्रत्यक्ष आयुष्यात कोणाला धमकावणे किंवा छळणे. या चार गोष्टींपलीकडे कंपनी आपल्या मदतीला येईल असे गृहीत धरून कोणी कॉर्प चालवू नये.

गाजलेल्या विश्वासघातांच्या कथा आम्ही ऐकतो. लहान कॉर्पला त्यांतून घेण्यासारखे काय आहे?

पुष्कळ आहे, मात्र कथेतील थरार बाजूला ठेवून दार नेमके कोठे उघडे राहिले होते तेवढेच पाहावे.

२००५ साली ‘गायडिंग हँड सोशल क्लब’ या भाडोत्री गटाने ‘उबिक्वा सेराफ’ या कॉर्पमध्ये आपली माणसे घुसवली. ती माणसे सुमारे वर्षभर इमानेइतबारे काम करत राहिली, त्यांपैकी एक जण सीईओच्या अगदी जवळच्या पदापर्यंत पोहोचला, आणि ठरलेल्या वेळी एकाच दमात निरनिराळ्या ठिकाणची हँगर रिकामी करून सीईओचे दुर्मीळ जहाजही फोडण्यात आले. त्या वेळी या लुटीची किंमत सुमारे ३० अब्ज इस्क सांगितली गेली. दीर्घ काळ चांगले वागणे हा प्रामाणिकपणाचा पुरावा नसतो, ही गोष्ट येथे स्पष्ट होते. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी बाब : जवळपास सगळी हँगर एकाच वेळी काही मोजक्या माणसांच्या आवाक्यात होती.

फेब्रुवारी २००९ मध्ये ‘बँड ऑफ ब्रदर्स’ ही त्या काळची सर्वांत दबदबा असलेली अलायन्स, म्हणजे अनेक कॉर्पची युती, एका दिवसात मोडली, आणि ती युद्धात हरली म्हणून मोडली नव्हती. अलायन्सचा कारभार पाहणाऱ्या कॉर्पमधील एका डायरेक्टरने, म्हणजे सीईओखालोखाल अधिकार असलेल्या सदस्याने, प्रतिस्पर्धी ‘गूनस्वॉर्म’शी हातमिळवणी करून अलायन्सच विसर्जित केली. अलायन्स संपताच तिच्या नावावरचे ताब्यातील प्रदेशांचे हक्कही संपले. तेवढा अधिकार असलेल्या अनेक डायरेक्टरांपैकी एकाचे मन फिरणे पुरेसे ठरले.

तिसरी घटना फितुरीची नाही, म्हणूनच ती येथे मुद्दाम देतो. २७ जानेवारी २०१४ रोजी ‘बी-आर५आरबी’ या सूर्यमालेत झालेल्या लढाईत ७५ टायटन जहाजे नष्ट झाली. टायटन हे या खेळातील सर्वांत मोठे जहाज. लढाईची ठिणगी पडली ती त्या प्रदेशाचे नियमित शुल्क आपोआप भरले न गेल्यामुळे. लहान कॉर्पचे नुकसान चोरांपेक्षा अशा राहून गेलेल्या कामांमुळेच अधिक होते, असे माझे निरीक्षण आहे; फक्त त्याच्या कथा कोणी सांगत बसत नाही.

नव्या सदस्याची तपासणी कशी करावी?

पहिली पायरी म्हणजे त्याच्या पात्राचा उघडा इतिहास वाचणे. दर दोन महिन्यांनी कॉर्प बदललेली दिसली तर कारण विचारावे. मात्र येथे एक मेख आहे. खेळाच्या नियमांत राहून पात्र दुसऱ्याला विकता येते, त्यामुळे समोरच्या पात्राचा जुना इतिहास समोरच्या माणसाचाच असेल असे नाही. इतिहास निष्कलंक आहे म्हणून निर्धास्त होऊ नये, तसेच तो डागाळलेला आहे म्हणून लगेच दार लावूही नये.

दुसरी पायरी ‘ईएसआय’ची. खेळाच्या अधिकृत लॉगिनमधून सदस्य आपल्या पात्राची माहिती, म्हणजे वॉलेटमधील व्यवहार, संपर्क, पत्रे, मालमत्ता, कौशल्ये, केवळ वाचण्यापुरती दुसऱ्या प्रणालीला दाखवू शकतो आणि ती परवानगी केव्हाही मागे घेऊ शकतो. अनेक कॉर्प प्रवेशापूर्वी ही परवानगी मागतात. व्यवहारांत एखाद्या अनोळखी पात्राकडून वारंवार मोठ्या रकमा येत असतील, तर ते बहुधा उमेदवाराचेच दुसरे पात्र असते आणि त्याचाही परिचय मागता येतो. पासवर्ड मात्र कोणीही कोणालाही द्यायचा नाही. जो नेता पासवर्ड मागतो त्याच्या कॉर्पमध्ये जाऊच नये.

तिसरी पायरी आवाजाची. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर अर्धा तास बोलल्याशिवाय प्रवेश देऊ नये. चौकशीचा सूर नसावा. कोठून खेळता, कोणत्या वेळी मोकळे असता, मागच्या कॉर्पमध्ये काय आवडले नाही, एवढे विचारले तरी माणूस बराचसा कळतो. शेवटच्या प्रश्नावर जो आधीच्या प्रत्येक साथीदाराला शिव्या देतो, तो हेर असेलच असे नाही. परंतु काही महिन्यांनी तो आपल्याबद्दलही तसेच बोलणार हे जवळपास नक्की असते.

या तिन्ही पायऱ्या ओलांडूनही चांगला तयार झालेला हेर आत येतो. वेगळ्या खात्यावरचे पात्र ईएसआयमध्ये दिसत नाही. आळशी चोराला बाहेर ठेवणे एवढेच तपासणीचे काम आहे. कष्टाळू चोराची तजवीज अधिकारांच्या रचनेत करावी लागते, आणि ती पुढे दिली आहे.

आमच्या कॉर्पमधले बरेचसे जण एकाच गावचे किंवा एकमेकांच्या नात्यातले आहेत. त्यांच्याकडे ईएसआय मागणे अपमानास्पद वाटणार नाही का?

हा प्रश्न कोकणातून जितका येतो तितका इतर कोठून येत नसावा. नवा मुलगा ‘अमक्याचा मेहुणा’ किंवा ‘तमक्याच्या वाडीतला’ म्हणून येतो आणि ओळख सांगणारा माणूसच हमी ठरतो. प्रत्यक्ष आयुष्यात ही पद्धत उत्तम चालते, कारण तेथे माणूस गावातच राहायचा असतो आणि तोंड चुकवायला जागा नसते. खेळात मात्र हमी देणाऱ्याला आपल्या मेहुण्याची गावातली वागणूक माहीत असते. तो रात्री दुसऱ्या खात्यावरून कोणासाठी उडतो, हे माहीत नसते. ज्याची माहिती आपल्याला नाही, त्याची हमी देण्याचा भार नातेवाइकावर टाकणे हा त्याच्यावरच अन्याय आहे.

शिवाय नात्यांचा धोका उलट दिशेनेही असतो. गटातील एखाद्याने नियमांत राहून दगा दिला, तर खेळाच्या दृष्टीने तो चतुर ठरेल, पण गणपतीत आरतीला दोन्ही घरची माणसे एकाच माजघरात उभी असतील. अशा ठिकाणी ‘हा तर खेळ होता’ हे वाक्य फारसे उपयोगी पडत नाही. म्हणून नात्यागोत्यांच्या कॉर्पमध्ये पहिल्याच बैठकीत एक गोष्ट उघडपणे ठरवून घ्यावी : या कॉर्पमध्ये आपापसांत चोरी किंवा फितुरी हा खेळाचा भाग मानला जाईल की नाही. बहुतेक जण ‘नाही’ म्हणतील. ते लिहून ठेवावे, आणि ज्यांना फितुरीचा खेळ खेळायची हौस आहे त्यांनी तो दुसऱ्या पात्राने, अनोळखी लोकांच्या कॉर्पमध्ये खेळावा.

अपमानाचा प्रश्न सोडवण्याचा मार्ग असा की नियम माणूस पाहून लावू नये. सीईओने स्वतःचे ईएसआय सर्वप्रथम दाखवावे, मग जुन्या सदस्यांनी, मग नव्यांनी. ‘काका, तुमच्यावर संशय नाही, पण सगळ्यांचे आहे ते तुमचेही लागेल’, असे म्हणता येते आणि काकांना ते पटतेही. एका व्यक्तीला सूट दिली की त्यानंतर मागितलेली प्रत्येक तपासणी खरोखरच अपमान होऊन बसते.

अधिकार, म्हणजे रोल, कसे वाटावेत?

कॉर्पला सात हँगर विभाग आणि सात वॉलेट विभाग मिळतात, आणि कोणी कोणत्या विभागात नुसते पाहावे व कोणी उचलावे हे वेगवेगळे ठरवता येते. मुख्यालय, सदस्याचा तळ आणि इतर ठिकाणे यांसाठीही अधिकार स्वतंत्र असतात. ही सोय असूनही अनेक लहान कॉर्प सर्वांना सर्व काही खुले ठेवतात, कारण रोलचा तक्ता किचकट दिसतो. एका रविवारी दुपारी बसून तो एकदा नीट लावावा. त्यानंतर क्वचितच हात लावावा लागतो.

आमच्याकडे चालणारी रचना साधारण अशी आहे. पहिला विभाग सर्वांना खुला, आणि त्यात केवळ स्वस्त फ्रिगेट (लहान जहाजे), दारूगोळा आणि नवोदितांना लागणारे सुटे भाग. तो कोणी पूर्ण रिकामा केला तरी एका संध्याकाळच्या खाणकामात भरून निघावा, एवढीच त्याची किंमत ठेवायची. दुसऱ्या विभागात ठरलेल्या डॉक्ट्रिनची, म्हणजे ताफ्यासाठी ठरवून दिलेल्या प्रकारची, जहाजे, आणि ती उचलण्याचा अधिकार एफसी (ताफ्याचे नेतृत्व करणारे) व त्यांच्या सहायकांना. कच्चा माल व उत्पादन तिसऱ्या विभागात, त्या कामाच्या दोघांकडे. खरोखर मौल्यवान वस्तू, म्हणजे महागडे ब्लूप्रिंट (वस्तू बनवण्याचे आराखडे), मोठी जहाजे, शिल्लक इस्क, या शेवटच्या विभागात केवळ सीईओ व डायरेक्टरांच्या हाती, आणि त्यातीलही काही भाग कॉर्पच्या हँगरमध्ये न ठेवता वेगळ्या जागी. ज्या वस्तूंवर नोंद हवी त्यांच्यासाठी ‘ऑडिट लॉग सिक्युअर कंटेनर’ वापरावा. कोणी काय ठेवले आणि काय काढले हे तो लिहून ठेवतो.

रोल देताना एकच प्रश्न स्वतःला विचारावा : हा सदस्य उद्या सकाळी सगळे घेऊन गेला, तर कॉर्प पुढच्या आठवड्यात उडू शकेल का? उत्तर ‘हो’ असेल तर रोल द्यावा, मग माणूस नवा असला तरी हरकत नाही. उत्तर ‘नाही’ असेल तर सख्ख्या भावालाही देऊ नये. या कसोटीचा मोठा फायदा असा की माणसांच्या मनात काय आहे हे ओळखण्याची जबाबदारी नेत्यावर राहत नाही. ते ओळखणे कोणालाच जमत नाही. नुकसानीची मर्यादा मात्र हिशेबाने ठरवता येते.

डायरेक्टर किती असावेत?

शक्य तितके कमी. वीस-तीस जणांच्या कॉर्पला दोन पुरतात. डायरेक्टरचा रोल म्हणजे जवळजवळ सीईओचेच सर्व अधिकार, आणि एका डायरेक्टरला दुसऱ्या डायरेक्टरचा रोल काढता येत नाही. ते केवळ सीईओ करू शकतो. म्हणजे सीईओ झोपलेला असताना एखादा डायरेक्टर उलटला, तर बाकीचे नुसते पाहत बसतात. ‘मान’ म्हणून हा रोल देण्याची पद्धत तर तात्काळ बंद करावी. ज्याला मान द्यायचा त्याला पदवी द्यावी, खेळात पदव्यांची सोय आहे आणि त्यांना अधिकार जोडलेच पाहिजेत असे नाही.

लूट आणि नफा यांचे वाटप कसे करावे?

कोकणात याचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. रापणीत जाळे ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो, जाळ्याचा आणि होडीचा वाटा वेगळा काढला जातो, आणि सगळे किनाऱ्यावर, सर्वांच्या डोळ्यांदेखत होते. फ्लीटचे, म्हणजे एकत्र उडालेल्या ताफ्याचे, वाटप तसेच करावे. ज्याने भाग घेतला त्याला समान वाटा; एफसी, टेहळणी करणारा आणि दुरुस्तीची जहाजे चालवणारे यांना तोच वाटा, कारण त्यांच्या नावावर शत्रूची जहाजे फोडल्याची नोंद दिसत नसली तरी त्यांच्यावाचून लूट हाती आली नसती; आणि कॉर्पचा हिस्सा आधीच ठरलेल्या टक्केवारीने.

वाटपाचा हिशेब फ्लीट संपल्यावर लगेच, निदान दुसऱ्या दिवशी, सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लिहावा. कॉर्पचा कर किती आणि तो कशावर खर्च झाला, हेही महिन्यातून एकदा मांडावे. हिशेब झाकलेला असेल तर प्रामाणिक सीईओवरही संशय येतो, आणि संशय आलेला सदस्य भांडत नाही, तो मुकाट्याने दुसरी कॉर्प शोधतो.

फुटलेल्या जहाजाची भरपाई द्यावी का?

ठरलेल्या फिटिंगने, एफसीच्या आदेशानुसार उडताना जहाज गेले असेल तर द्यावी. इतर वेळी देऊ नये. अपवाद करू लागलात की निधी संपतो आणि भांडणे उरतात.

गटात हेर असल्याचा दाट संशय आहे. काय करावे?

प्रथम काहीही जाहीर करू नये. ‘आपल्यात एक हेर आहे’ असे डिस्कॉर्डवर लिहिणारा नेता हेरापेक्षा अधिक नुकसान करतो, कारण त्या क्षणापासून प्रत्येक सदस्य शेजाऱ्याकडे पाहू लागतो आणि फ्लीटला येणाऱ्यांची संख्या घटते. मोठ्या अलायन्सच्या सामान्य चॅनेलमध्ये हेर असतातच, हे तेथील नेते गृहीत धरूनच बोलतात. लहान कॉर्पनेही सर्वांसाठीच्या चॅनेलवर शत्रू वाचतो आहे असे समजूनच लिहावे. मग हेराला मिळणार काय, तर फ्लीटची वेळ. तीही निघण्याच्या अर्धा तास आधीच सांगण्याची सवय लावता येते.

दुसरे, दुर्दैव आणि फितुरी यांतला फरक तपासावा. सलग तीन वेळा शत्रू आधीच वाटेत बसलेला आढळला, तर आपण तिन्ही वेळा त्याच मार्गाने, त्याच वारी, त्याच वेळी निघालो होतो का, हे पाहावे. बहुधा निघालेले असतो.

तिसरे, तरीही संशय राहिला तर दोन-तीन निवडक व्यक्तींना वेगवेगळी माहिती देऊन कोणती बाहेर फुटते ते पाहण्याची जुनी युक्ती वापरता येते. ती वापरावी की नाही याबद्दल माझे मत थोडे प्रतिकूल आहे. अनोळखी सदस्यांच्या मोठ्या गटात ती ठीक. परंतु जेथे माणसे एकमेकांना नावाने ओळखतात तेथे निर्दोष ठरलेल्याला नंतर हे कळले, तर तो दुखावतो आणि ते दुखणे भरून येत नाही. त्याऐवजी ज्याच्यावर संशय आहे त्याचे रोल, ‘सर्वांचे रोल नव्याने लावत आहोत’ असे सांगून, सर्वांबरोबरच काढून घ्यावेत आणि गरजेप्रमाणे पुन्हा द्यावेत. नुकसानीचा मार्ग बंद झाल्यावर तो हेर आहे की नाही हा प्रश्न बराच लहान होतो.

कॉर्पमधलाच सदस्य आमची जहाजे फोडू शकतो का?

होय. कॉर्पच्या सदस्यांनी एकमेकांवर केलेला गोळीबार कायदेशीर धरायचा की नाही, ही निवड कॉर्पला करता येते आणि बदल लागू व्हायला २४ तास लागतात. नवोदितांना सामावून घेणाऱ्या कॉर्पने तो बंदच ठेवावा. मग हाय-सेकमध्ये, म्हणजे सुरक्षित प्रदेशात, आपल्यावर गोळी झाडणाऱ्याला कॉनकॉर्ड हे खेळातले पोलीस दल शासन करते. नल-सेक (कायदा नसलेला प्रदेश) आणि वर्महोल (नेहमीच्या वाटांनी न पोहोचता येणाऱ्या सूर्यमाला) यांमध्ये कॉनकॉर्ड नसल्यामुळे तेथे या निवडीचा काही आधार नाही.

वर्महोलमध्ये राहायला जावे का?

कॉर्प वर्षभर एकत्र टिकल्याशिवाय जाऊ नये. इतरत्र अवकाशस्थानक नष्ट झाले तरी ‘अ‍ॅसेट सेफ्टी’मुळे सदस्यांचा माल काही शुल्क भरून परत मिळतो, वर्महोलमध्ये ही सोय नाही, स्थानक फुटले की आतला माल उघड्यावर पडतो. त्यामुळे तेथे एका माणसाच्या फितुरीने सगळ्यांचे सर्वस्व जाऊ शकते.

वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा नसताना नेतृत्व कसे करावे?

जून ते सप्टेंबर या काळात किनारपट्टीवर वीज केव्हा जाईल हे सांगता येत नाही, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळासारख्या किंवा जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या आपत्तीत दिवसेंदिवस संपर्कच नसतो. अशा वेळी एखादा सदस्य लढाई चालू असताना नाहीसा झाला, तर त्याने साथ सोडली असा अर्थ काढू नये. एफसी निघण्यापूर्वीच उप-एफसी नेमलेला असावा आणि आवाज तुटताच त्याने, न विचारता, सूत्रे हाती घ्यावीत. इन्व्हर्टर आणि मोबाइलचे हॉटस्पॉट यांवर खेळणाऱ्याने महागडे जहाज काढू नये, हा नियम आमच्याकडे पावसाळ्यापुरता सक्तीचा असतो. दोन डायरेक्टरांपैकी एक पुणे-मुंबईकडचा असावा, म्हणजे एकाच वादळात दोघेही अडकत नाहीत.

वेळांचे गणितही समजून घ्यावे. खेळाचे घड्याळ यूटीसीनुसार चालते; सर्व्हर रोज ११ वाजता देखभालीसाठी बंद होतो, म्हणजे आपले दुपारचे साडेचार. आपली रात्री नऊ ते साडेअकरा ही वेळ म्हणजे १५:३० ते १८:००, जेव्हा युरोपातील बहुतांश खेळाडू अजून कामावरून परतत असतात. युरोपीय अलायन्समध्ये गेल्यास मुख्य फ्लीट आपल्याकडे मध्यरात्रीनंतर निघतील आणि सकाळी बागेत किंवा बंदरावर जाणारे सदस्य त्यांना येऊ शकणार नाहीत. हे आधी स्पष्ट सांगून मगच करार करावा. स्थानकावर हल्ला झाल्यास निर्णायक लढाई कोणत्या तासाच्या आसपास व्हावी हे मालक कॉर्पला निवडता येते; ती वेळ आपल्या संध्याकाळची ठेवावी.

गौरी-गणपतीच्या दिवसांत कोणीही येणार नाही, हे धरूनच चालावे. मात्र त्यापूर्वी स्थानकांचे इंधन भरून ठेवावे. इंधन संपल्यावर सात दिवसांत स्थानक बेवारस अवस्थेत जाते, आणि बेवारस स्थानक फुटले तर अ‍ॅसेट सेफ्टी लागू होत नाही. आंब्याच्या हंगामातही, एप्रिल-मेमध्ये, देवगड-रत्नागिरीकडचे बागायतदार सदस्य दिसत नाहीत. त्यांचे रोल तेवढ्यापुरते काढून ठेवायला हरकत नाही, पण कळवून.

सदस्यांनी एकमेकांना खेळातले कर्ज किंवा खरे पैसे द्यावेत का?

खेळातले कर्ज द्यायचे तर ‘परत न आले तरी चालेल’ एवढेच द्यावे. २००९ मध्ये खेळाडूंनीच चालवलेल्या ‘ईबँक’ या पेढीच्या प्रमुखाने ठेवीदारांचे सुमारे २०० अब्ज इस्क काढून खऱ्या पैशांना विकले. त्याच्यावर बंदी आली ती इस्क विकल्याबद्दल; ठेवी लुटल्याबद्दल नाही. कॉर्पमधल्या कोणीही यूपीआयवरून इस्क विकत घेण्या-देण्याचा उद्योग सुरू केला, तर त्याला त्याच दिवशी बाहेर काढावे. अशा व्यवहाराची झळ इतर सदस्यांच्या खात्यांनाही लागू शकते. ज्याला पैसे खर्च करायचेच आहेत, त्याने कंपनीकडून प्लेक्स (कंपनी खऱ्या पैशांना विकते ती खेळातील वस्तू) घेऊन ते खेळातल्या बाजारात विकावेत. तो मार्ग नियमांत बसतो.

घरात एकच संगणक आहे. दोन भावांनी एक खाते वापरले तर चालेल का?

चालणार नाही. खाते एकाच व्यक्तीचे असते. नोव्हेंबर २०१६ पासून मोफत ‘अल्फा’ खात्याची सोय आहे, तेव्हा दोघांनी आपापली खाती काढावीत आणि पाळीपाळीने खेळावे. मात्र अल्फा खाते दुसऱ्या खात्याबरोबर एकाच वेळी चालवण्यास मनाई आहे. नेत्याच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे, कारण खात्यावर कोण बसले आहे हेच माहीत नसेल तर रोल कोणाला दिला हेही माहीत नसते.

चोरी झालीच. आता काय करावे?

पहिल्या तासात उरलेले वाचवावे : चोराचे आणि त्याने ज्यांची हमी दिली होती त्यांचे रोल काढावेत, डिस्कॉर्डवरचे अधिकार बंद करावेत, वॉलेट आणि हँगर तपासून काय गेले त्याची यादी करावी. त्याच रात्री सदस्यांना खरे आकडे सांगावेत. लपवलेली चोरी चोरच दुसऱ्या दिवशी बढाई मारत सांगतो, आणि मग सदस्यांच्या लेखी नेता व चोर एकाच पंगतीला बसतात.

रागाच्या भरात चोराला खेळाबाहेर काहीही बोलू नये. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘सर्कल ऑफ टू’ या अलायन्सच्या एका विश्वासू पदाधिकाऱ्याने तिची सर्वांत मोठी स्थानके शत्रूच्या हवाली केली, तेव्हा संतापलेल्या नेत्याने त्याला प्रत्यक्ष शारीरिक इजा करण्याची धमकी लिहिली. परिणामी बंदी आली ती धमकी देणाऱ्यावर. आपल्याकडे तर चोर कोणत्या तालुक्यातला आहे हे पुष्कळदा माहीत असते, त्याचा फोन नंबरही असतो. म्हणूनच सदस्यांना त्या रात्री बजावून सांगावे की त्याच्या घरी, दुकानी किंवा फोनवर कोणीही जाब विचारायचा नाही. धमकी हा कंपनीच्या नियमांचा भंग तर आहेच, शिवाय देशाच्या कायद्यानेही तो गुन्हा आहे.

परत घेण्याचा प्रश्न नात्यांतल्या कॉर्पमध्ये हमखास निघतो. वर्षभराने माणूस येतो, मध्यस्थ म्हणून कोणी वडीलधारे बोलतात. घ्यावे की नाही हे प्रत्येक कॉर्पने ठरवावे, मात्र घेतलेच तर पहिल्या विभागापलीकडचा रोल कधीही देऊ नये आणि हे मध्यस्थालाही आधीच सांगून टाकावे.

मला सीईओपद सोडायचे आहे. कोणाकडे द्यावे?

सर्वांत कुशल वैमानिकाकडे देण्याचा मोह होतो. त्यापेक्षा जो हिशेब वेळेवर लिहितो, इंधनाची तारीख लक्षात ठेवतो आणि भांडणात दोन्ही बाजूंचे फोन घेतो, त्याच्याकडे द्यावे. हस्तांतरापूर्वी महिनाभर त्याला डायरेक्टर म्हणून बरोबर ठेवावे. कॉर्पच्या शेअरांची मालकी कोणाकडे आहे तेही त्याच वेळी तपासावे, कारण सीईओ बदलण्याच्या मतदानात शेअरांना वजन असते आणि ते अनेकदा केव्हाच खेळ सोडून गेलेल्या संस्थापकाच्या पात्राकडे पडून असतात. पद दिल्यावर स्वतःचा डायरेक्टर रोल नव्या सीईओला काढायला सांगावा, म्हणजे बाकीच्यांपुढे त्याला तो मागण्याची वेळ येत नाही.